पाचवीचा कागद

मराठवाड्यात मूल जन्मलं की पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजतात. हळदकुंकू, नैवेद्य, रात्रभर तेवणारा दिवा, बाळाच्या उशाशी विळा. त्या मांडणीत आणखी दोन वस्तू असतात: कोरा कागद आणि पेन. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. घरात कुणालाच अक्षर वाचता येत नसलं तरी पेन शेजारून मागून आणतात. जन्मभर मागे लागलेल्या दुखण्याला ‘पाचवीला पुजलेलं’ म्हणतात ते यावरूनच.

ही रात्र ठरवणाऱ्यांना बाळंतघराचा अनुभव दांडगा असावा. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी साधारण तीनचतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात, हे आज आकडेवारी सांगते.

आता त्याच घरात दुसराही एक कागद आलेला असतो, माता-बाल संरक्षण कार्ड. त्यावर लसींच्या तारखा, वजनाचा आलेख, धोक्याच्या लक्षणांची चित्रं. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ तपासायचं असतं. हा कागद घरात कोण वाचतं? आई, बाप, आजी, की कुणीच नाही? आणि वाचता येण्यावर बाळाचं जगणं कितीसं अवलंबून असतं? लोकसंख्याशास्त्रात हा प्रश्न चाळीस-पंचेचाळीस वर्षं चर्चेत आहे. अर्धं उत्तर पक्कं झालेलं आहे. उरलेल्या अर्ध्यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही, आणि त्या उरलेल्या अर्ध्याशीच पूर्णा तालुक्यासारख्या जागेचा जास्त संबंध येतो.

पूर्णा म्हणजे परभणी-नांदेड लोहमार्गावरचं जंक्शन. अकोल्याकडे जाणारी गाडी इथून फुटते. जिल्हा परभणी. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के होती, परभणीची ७३ च्या आसपास. राज्यातल्या स्त्रिया ७६ टक्क्यांवर पोचल्या होत्या, तेव्हा परभणीच्या साठ-पासष्टच्या घरात होत्या. आणि २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणीचं नाव राज्यात पहिलं आलं ते वेगळ्याच रकान्यात. वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी ४८ टक्क्यांचं लग्न अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा २१.९ टक्के.

कल्याण, १८७८

शिक्षण आणि बालमृत्यू यांची गाठ कशी पडते, हे शोधायला महाराष्ट्राला परक्या देशात जायची गरज नाही. १८७८ मध्ये कल्याणला तेरा-चौदा वर्षांच्या आनंदीबाई जोशी बाळंत झाल्या. मुलगा दहा दिवसांत गेला. घर अडाणी नव्हतं. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव बायकोला शिकवायच्या ध्यासानं झपाटलेले होते. तरी मूल वाचलं नाही, कारण बाईला आणि बाळाला तपासणारा डॉक्टर मिळण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्या दुःखातून आनंदीबाई फिलाडेल्फियापर्यंत पोचल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांनी पदवीच्या प्रबंधाला विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा.

घरात अक्षर आहे, पण त्या अक्षराला कामाला लावणारं ज्ञान आणि सेवा आसपास नाही, ही अवस्था तेव्हा श्रीमंत देशांतही होती. सॅम्युएल प्रेस्टन आणि मायकेल हेन्स यांनी १९०० सालच्या अमेरिकी जनगणनेचा अभ्यास १९९१ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. डॉक्टरांच्या आणि शिक्षकांच्या घरातली मुलंही तेव्हा इतरांच्या जवळजवळ बरोबरीनेच मरत होती, असं त्यात दिसलं. जंतूंमुळे रोग होतात हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं होतं, पण ते स्वयंपाकघरात आणि बाळाच्या दुधाच्या बाटलीपर्यंत उतरलेलं नव्हतं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते उतरलं आणि शिकलेल्या घरांतली मुलं झपाट्याने वाचू लागली. म्हणजे शिक्षणाची ताकद काळाप्रमाणे बदलते. हा मुद्दा पुढच्या सगळ्या वादात कामी येतो, पण तो फारसा कुणी आठवत नाही.

कॉल्डवेल यांचा दावा

आधुनिक चर्चेची सुरुवात १९७९ पासून धरतात. ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी नायजेरियातल्या इबादान शहराच्या आणि आसपासच्या योरुबा कुटुंबांच्या माहितीवरून एक निबंध लिहिला. नवऱ्याचा व्यवसाय, त्याचं शिक्षण, घरची परिस्थिती हे सगळं हिशेबात घेतलं तरी मुलाचं जगणं सर्वांत जास्त आईच्या शाळेवर ठरतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तोवर आईचं शिक्षण हे घरच्या सुबत्तेचंच दुसरं नाव समजलं जाई.

कॉल्डवेल यांनी कारणमीमांसाही दिली, आणि ती मराठी घरांत वाढलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. शाळेत गेलेली सून घरातला तोल बदलते. मुलाला ताप आला तर सासूच्या परवानगीची वाट बघत नाही, दवाखान्यात जाते. औषधानं उतार पडला नाही तर परत जाऊन डॉक्टरला विचारते. न शिकलेली बाई दुसऱ्यांदा जायला बिचकते, आपलंच काही चुकलं असेल म्हणून गप्प बसते. पुढे पी. एच. रेड्डी आणि पॅट कॉल्डवेल यांच्यासोबत कर्नाटकातल्या खेड्यांत राहून केलेल्या कामातही त्यांना असंच काही दिसलं.

नायजेरियातल्याच एका तुलनेचे आकडे तर आजही उद्धृत होतात. निरक्षर मातांच्या गावात फक्त दवाखाना आला तेव्हा आयुर्मान २० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. दवाखाना नसलेल्या गावात आई शिकलेली असेल तर ३३ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र आलं तिथे ८७ टक्क्यांनी. वीस आणि तेहेतीस मिळून त्रेपन्न होतात. वरचे चौतीस टक्के आले ते दोघांची सांगड बसल्यामुळे.

भारतात ममता मूर्ती, अ‍ॅन-कॅथरीन ग्यूओ आणि जाँ द्रेझ यांनी १९८१ च्या जनगणनेतले २९६ जिल्हे घेऊन १९९५ मध्ये असाच पडताळा केला. जिथे स्त्रिया साक्षर तिथे पाच वर्षांखालचे मृत्यू कमी, आणि मुलींवरचा अन्यायही कमी. पुरुषांची साक्षरता आणि गरिबीचं प्रमाण यांचा परिणाम त्या मानाने फिका होता. २०१० मध्ये इमान्युएला गाकिदू आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १७५ देशांचा हिशेब मांडला. १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालचे जे सुमारे ८२ लाख वार्षिक मृत्यू टळले, त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त मृत्यूंचं श्रेय त्यांनी स्त्रियांच्या वाढत्या शिक्षणाला दिलं. २०२१ मध्ये त्याच नियतकालिकात मिर्झा बलाज यांच्या गटानं तीनशे अभ्यास एकत्र केले. आई बारावीपर्यंत शिकलेली असेल तर मूल दगावण्याचा धोका, अजिबात न शिकलेल्या आईच्या तुलनेत, ३१ टक्क्यांनी कमी. बाप बारावी असेल तर १७ टक्क्यांनी.

इथवर फारसा वाद नाही.

पैसा, नळ आणि गाव

वाद सुरू होतो तो ‘संबंध’ आणि ‘कारण’ या दोन शब्दांमधल्या अंतरावरून. शिकलेल्या मुलीचं लग्न बहुधा बऱ्या घरात होतं. त्या घराला नळ असतो, संडास असतो, घर डांबरी रस्त्याजवळ असतं. मग मूल वाचलं ते आईच्या दहावीमुळे की नळामुळे?

जॉन क्लेलंड आणि जेरोम व्हॅन गिनेकेन यांनी १९८८ मध्ये उपलब्ध अभ्यास चाळले. आईच्या शिक्षणाचा जो परिणाम दिसतो त्याचा साधारण निम्मा भाग आर्थिक परिस्थितीत जिरून जातो, असं त्यांचं अनुमान होतं. दहा वर्षांनी सोनालदे देसाई आणि सौम्या अल्वा यांनी चाळणी आणखी बारीक केली. २२ देशांच्या सर्वेक्षणांत त्यांनी नवऱ्याचं शिक्षण, नळ, संडास आणि मुख्य म्हणजे राहण्याचं ठिकाण हिशेबात घेतलं. एकाच वस्तीतल्या शिकलेल्या आणि न शिकलेल्या आयांची तुलना केल्यावर अर्भकमृत्यूवरचा परिणाम बहुतेक देशांत इतका आटला की खात्रीनं काही म्हणता येईना. लसीकरणाशी असलेला संबंध मात्र त्या मानाने टिकला.

या निबंधाचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंनी घाई झाली. कॉल्डवेल यांचा दावा कोसळला, असं काहींना वाटलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की नळ, बरं घर, रस्त्याकाठचं गाव या वाटांनीच तर शिक्षण मुलापर्यंत पोचतं. त्या वाटा हिशेबातून वजा केल्या आणि वर ‘शिक्षणाचा परिणाम दिसत नाही’ म्हटलं, तर ते बरोबर नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. नुसत्या सर्वेक्षणांच्या जोरावर हा तिढा सुटणारही नाही.

म्हणून अर्थशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. सरकारी निर्णयामुळे एका वर्षी जन्मलेल्या मुली जास्त शिकल्या आणि थोड्या आधी जन्मलेल्या शिकल्या नाहीत, अशा जागा शोधायच्या आणि दोघींच्या मुलांची तुलना करायची. झिंबाब्वेत १९८० मध्ये स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शाळा एकदम सर्वांना खुल्या झाल्या. त्या संधीचा फायदा मिळालेल्या मुली पुढे आया झाल्या, तेव्हा त्यांची मुलं दगावण्याची शक्यता सुमारे एक-पंचमांशानं कमी होती. उलट अमेरिकेत शाळाप्रवेशाच्या तारखेच्या फरकावरून केलेल्या अभ्यासात बाळांच्या प्रकृतीवर काही लक्षणीय परिणाम दिसला नाही. अक्षरओळख, घड्याळ आणि दवाखाना या गोष्टी जिथे आधीच सर्वांकडे आहेत, तिथे एक इयत्ता जास्त असून काय वेगळं होणार?

इंडोनेशियाचा निष्कर्ष या सगळ्यांत चमत्कारिक. तिथे सत्तरच्या दशकात सरकारनं हजारो प्राथमिक शाळा बांधल्या. ब्रायेरोव्हा आणि द्युफ्लो यांनी त्या मोहिमेचा आधार घेऊन पाहिलं, तेव्हा मूल वाचण्यात आईचं आणि बापाचं शिक्षण सारखंच मोलाचं ठरलं. बाप या साहित्यात एरवी पार्श्वभूमीलाच उभा असतो, ‘घरची परिस्थिती’ नावाच्या रकान्यात. गावाकडे मात्र अर्ध्या रात्री गाडी ठरवायची, पैसे उभे करायचे आणि परभणीला न्यायचं की नांदेडला हे ठरवायचं, हे निर्णय बहुतेक वेळा तोच घेतो. बापाच्या शिक्षणावर स्वतंत्र अभ्यास अजून थोडे आहेत, आणि त्याचं काही समाधानकारक कारण दिसत नाही.

शेजारणीची इयत्ता

देसाई-अल्वा यांच्या निबंधात ‘वस्ती’ ही वजा करून टाकायची गोष्ट होती. नॉर्वेचे ओयस्टाइन क्राव्हदाल यांनी २००४ मध्ये तिलाच प्रश्न केलं. दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या, म्हणजे १९९८-९९ च्या माहितीवरून त्यांनी दाखवलं की आईचं स्वतःचं शिक्षण कितीही असो, आसपासच्या बायका जितक्या जास्त शिकलेल्या तितकं तिचं मूल वाचण्याची शक्यता वाढते. निरक्षर आईलाही शिकलेल्या शेजाराचा फायदा मिळतो. तिला कुणीतरी सांगतं, कुणाचं तरी बघून ती करते, आणि शिकलेल्या बायका जिथे जास्त तिथे सिस्टरही वेळेवर येते.

शेजाराचं महत्त्व आणखी एका कोड्यातून पुढे आलं, आणि परभणीसारख्या मिश्र वस्तीच्या जिल्ह्यात त्याकडे बारकाईनं बघायला हवं. भारतातल्या मुस्लिम कुटुंबांचं सरासरी उत्पन्न आणि स्त्रियांचं शिक्षण हिंदू कुटुंबांपेक्षा कमी. तरी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या तीन फेऱ्यांत मुस्लिम अर्भकं जगण्याचं प्रमाण जास्त होतं. शिक्षणाचा सिद्धान्त इथे सरळ उलटा पडतो. सोनिया भालोत्रा आणि सहकाऱ्यांनी या कोड्याची तपशिलात छाननी केली. मायकेल जेरूसो आणि डीन स्पिअर्स यांनी २०१८ मध्ये त्याचं उत्तर बरंचसं हागणदारीत सापडतं असं मांडलं. मुस्लिम कुटुंबं संडास जास्त वापरतात आणि बहुधा शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे वस्तीची जमीन आणि पाणी कमी दूषित होतं. त्या वस्तीत राहणाऱ्या हिंदू बाळांनाही त्याचा लाभ मिळतो. एका घरानं काय शिकलं यापेक्षा गल्लीनं काय अंगवळणी पाडलं, हे इथे जास्त भरतं. ही सवय शाळेनं लावली नव्हती. मग तिला ‘शिक्षण’ म्हणायचं का, यावर एकमत नाही.

अक्षर न येणाऱ्या शिक्षिका

शाळेबाहेरच्या शिक्षणानं मुलं वाचवता येतात का, याची उत्तरं जगाला मिळाली ती बऱ्याच अंशी महाराष्ट्रातून.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. दुष्काळी तालुका, दर हजारी १७६ असा अर्भकमृत्यू दर प्रकल्पाच्या नोंदीत सापडतो. परिचारिका खेड्यात टिकत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी गावांनाच आपल्यातली एक बाई निवडायला सांगितली. निवडल्या गेलेल्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित घरांतल्या. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावात जाऊन तेच दुसऱ्यांना शिकवायच्या. मुलाला जुलाब झाले की पाणी बंद करू नका; मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा. चिकाचं दूध पिळून टाकू नका, बाळाला पाजा. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत या कामाचं मूल्यमापन छापून आलं. शेजारच्या, प्रकल्पात नसलेल्या गावांच्या तुलनेत मुलं दगावण्याचा धोका तीस टक्क्यांनी कमी होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं हेच जास्त काटेकोर मोजमापात आणलं. आधी न्यूमोनिया. ५८ गावांत उपचार, ४४ गावं तुलनेसाठी. सुईणींना घड्याळ आणि मोजणी येत नव्हती, तेव्हा त्यांच्यासाठी एक साधन बनवलं गेलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. निरक्षरता ही अडचण शिकणाऱ्या बाईची नसून उपकरण बनवणाऱ्याची आहे, असं मानून केलेली ही रचना होती. मग १९९३ ते १९९८ या काळात नवजात बाळांवरचा प्रयोग झाला. ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या स्थानिक बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. बाळ कोरडं करणं, ऊब, श्वास, जंतुसंसर्ग ओळखून घरी इंजेक्शन. नवजात मृत्युदर दर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो साठच्या आसपासच राहिला. आज पूर्णा तालुक्यातल्या आशाताईच्या हातात गृहभेटींचं जे वेळापत्रक असतं, त्याचं मूळ या प्रयोगात आहे. केंद्र सरकारनं २०११ मध्ये ही पद्धत देशभर नेली.

इथे एक शंका उरतेच. मुलं आईला मिळालेल्या माहितीमुळे वाचली, की दारात आलेल्या औषधामुळे? गडचिरोलीच्या प्रयोगात आयांना आरोग्यशिक्षणही दिलं गेलं होतं आणि आजारी बाळांवर उपचारही झाले होते. दोहोंचे वाटे वेगळे काढणं कठीण आहे.

औषध न देता फक्त बोलून काय होतं, हे ‘एकजूट’ संस्थेच्या प्रयोगात दिसलं. झारखंड-ओडिशातल्या आदिवासी भागांत गावातल्या बायकांच्या महिन्याच्या बैठका, चित्रं, गोष्टी, खेळ. बाळ का दगावतं आणि आपण काय करू शकतो, यावर त्यांनीच चर्चा करायची. २०१० च्या निष्कर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले होते. तशाच बैठका ‘स्नेहा’ संस्थेनं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत घेतल्या. ४८ वस्त्या, निम्म्यांत बैठका, तीन वर्षं. बाळांचे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच इस्पितळात होत होती, आणि शहरातल्या बायकांना बैठकीला येण्याइतकी उसंत नव्हती. २०१३ मध्ये सात प्रयोगांचा एकत्रित विचार झाला, तेव्हा फरक कशानं पडतो याची एक खूण सापडली. गरोदर बायकांपैकी किमान तीस टक्के बैठकीला येत असतील, तिथे परिणाम स्पष्ट होता.

परभणीचं गणित

हे सगळं परभणीला लावायचं, तर आधी एक गोष्ट कबूल करावी लागते. आज मुलं मरतात ती कॉल्डवेल यांच्या काळातल्या कारणांनी नव्हे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर हजारी १६ होता, केरळचा ६, देशाचा २८. महाराष्ट्रात पाच वर्षांखालचा मृत्युदर १८, आणि त्यांतले ११ मृत्यू पहिल्या महिन्यातले. म्हणजे दगावणाऱ्या दहांतली सहा मुलं पहिल्या महिन्यातच जातात. जुलाब, गोवर, न्यूमोनिया या आजारांत आईचं शहाणपण थेट कामी येतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ, जन्मताच न रडलेलं बाळ यांच्या बाबतीत बाळंतपणाच्या खोलीत कोण उभं आहे यावर जास्त ठरतं. राज्यात ९५ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं दवाखान्यातच होतात. त्यामुळे आईच्या शिक्षणाची धार आता बोथट होत जाणार, असं एक मत आहे.

दुसरं मत परभणीच्या त्या ४८ टक्क्यांकडे बोट दाखवतं. कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका सोळा-सतरा वर्षांच्या आईला जास्त असतो. मुलगी शाळेत टिकली की लग्न पुढे जातं. म्हणजे शाळेत काय शिकवलं हे बाजूला ठेवलं, तरी तिची दोन-चार वर्षं शाळेत जाणं हाच एक आरोग्योपाय ठरतो. इथे शिक्षण मुलाच्या जन्माआधीच काम करतं, कार्ड वाचायची वेळ यायच्या कितीतरी आधी.

पण मुलगी शाळेत का टिकत नाही? गावात शाळा सातवी-आठवीपर्यंत, पुढची शाळा फाट्यावर किंवा तालुक्याला. वयात आलेली मुलगी एकटी जाणार-येणार, याची आईबापांना धास्ती. गंगाखेड-पालमकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं हा प्रश्न असतो. फडावर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, त्यामुळे लग्न लावून दिलं की एक कोयता वाढतो. अशा घराला शिक्षणाचं महत्त्व पटवून देणं म्हणजे त्यांना जे आधीच ठाऊक आहे तेच परत सांगणं.

मुलीची शाळा आणि बाळंतपण या दोन्ही टोकांना हात घालणारी एक सरकारी योजना मराठवाड्यात चालते, आणि तिच्याबद्दल अभ्यासकांनी फार कमी लिहिलं आहे. मानव विकास कार्यक्रमात परभणीसह २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी एसटीच्या बसगाड्या दिल्या गेल्या. त्याच कार्यक्रमात गरोदर मजूर बायकांना शेवटच्या महिन्यांत विश्रांती मिळावी म्हणून बुडीत मजुरीही दिली जाते. एक पैसा मुलीच्या शाळेवर, दुसरा बाळंतिणीच्या पोटावर. कोणत्या रुपयानं जास्त मुलं वाचली, हे ताडून बघायला याहून चांगली जागा मिळणं अवघड.

अजून न सुटलेलं

पहिली अनिश्चितता ‘शिक्षण’ या शब्दाचीच आहे. मोरोक्कोतल्या मातांवरच्या पॉल ग्लेवे यांच्या १९९९ च्या अभ्यासात मुलांची प्रकृती ठरवताना आईचं आरोग्यविषयक ज्ञान मोलाचं ठरलं. ते ज्ञान वर्गात शिकवलेलं नव्हतं; वाचता येत असल्यामुळे तिनं ते बाहेरून मिळवलं होतं. रॉबर्ट लेव्हिन यांच्या गटाला मेक्सिको, नेपाळ, झांबिया, व्हेनेझुएला इथे असंच काहीसं आढळलं. शाळेत सवयीची झालेली पुस्तकी, औपचारिक भाषा ज्या आयांना पुढेही कळत राहिली, त्यांना डॉक्टरांचं बोलणंही नीट कळलं. आता ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे अहवाल सांगतात की देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतली निम्मी मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत. अशा मुलीला आठ वर्षं शाळेत गेलेली म्हणायचं की निरक्षर, आणि तिच्या बाळाच्या हिशेबात यातलं काय धरायचं?

दुसरी अडचण मोजमापाची. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्याचे लसीकरणाचे, लग्नवयाचे आकडे देतं, बालमृत्यू दर देत नाही. नमुना त्यासाठी पुरेसा मोठा नसतो. नमुना नोंदणी राज्यापाशी थांबते. तालुक्याच्या पातळीवर उरतात त्या दवाखान्यांच्या आणि आशाताईंच्या नोंदी. समजा एखाद्या तालुक्यात वर्षाला तीन हजार जन्म झाले आणि दर सोळाचा असला, तर ४८ मृत्यू होतात. पुढच्या वर्षी ते ४० झाले तर मोहीम यशस्वी झाली की नुसता योगायोग, हे एका वर्षाच्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्यात नोंदी अपुऱ्या असतात, हे २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं दाखवून दिलं होतं. महाराष्ट्रात प्रत्यक्ष होणारे बालमृत्यू सरकारी दप्तरातल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त होते. त्यानंतर नोंदणी सुधारली, पण स्थलांतर करणाऱ्यांच्या बाबतीत ती ढिलीच राहिली.

नोव्हेंबर ते मार्चमध्ये जन्मलेलं ऊसतोड कामगाराचं बाळ परभणीत नसतं. ते सांगलीच्या, कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या फडावर, कोपीत असतं. आईचं कार्ड गावातल्या आशाताईकडे राहिलेलं असतं. गृहभेटींचे सहा दिवस तिच्या वहीत कोरे राहतात. ते बाळ तिकडेच गेलं, तर तिकडच्या आरोग्य केंद्राच्या लेखी ती बाई त्यांच्या गावची नसते. आणि इकडे वहीत त्या नावापुढे ‘स्थलांतरित’ एवढंच लिहिलेलं असतं.